शमालचे हिवाळे

दार उघडलं की आधी वास येतो. गॅसचा, फोमच्या गादीचा, कधीतरी सांडलेल्या वेलचीच्या चहाचा आणि सगळ्याच्या तळाशी वाळूचा. वाळूला वास नसतो असं लोक म्हणतात. त्यांनी आठ महिने बंद राहिलेली कॅरॅव्हॅन उघडलेली नसते.

यंदाही नोव्हेंबरच्या शेवटी मी ती उघडली. दोन बाक, मध्ये हातभर जागा, टोकाला शेगडी, वर पाण्याची टाकी. कधीकाळी पांढरा असलेला पत्रा आता दुधाच्या सायीसारखा झाला आहे. ही कॅरॅव्हॅन आमच्या मालकांची. त्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो. अर्बाब गेले, त्यांची मुलं हिवाळ्यात नवे, मोठे तंबू लावतात. थोरला मला म्हणाला, "इतकी वर्षं तूच सांभाळलीस, आता तूच वापर." तेव्हापासून दर हिवाळ्यात शुक्रवार-शनिवार मी आणि मंदा गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटला कुलूप लावतो आणि इथे, बेटाच्या दक्षिणेला, साखीरच्या वाळवंटात येऊन राहतो.

बहरीनचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला इथल्या हिवाळ्याचं सुख समजावून सांगता येत नाही. सहा महिने माणूस एका थंड खोलीतून दुसऱ्या थंड खोलीत पळत असतो. मग एका सकाळी वारा अंगावर येतो आणि बोचत नाही. त्या दिवसापासून अर्धं बेट दक्षिणेकडे निघतं. तंबू, गालिचे, जनरेटर, म्हातारी माणसं, तान्ही मुलं, सगळं वाळवंटात येऊन बसतं ते वसंतापर्यंत. ज्यांचे मोठमोठे बंगले आहेत तीच माणसं जमिनीवर मांडी घालून बसतात आणि खूश दिसतात.

मी खूश आहे, हे आधी सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही कदाचित.

या शुक्रवारी माझा इथला जुना सोबती पास्कूदादा येणार होता. दहा वर्षांपूर्वी तो नोकरी संपवून वसईला परत गेला. त्याची मुलगी इथे नर्स आहे, तिच्याकडे महिनाभरासाठी आला होता. फोनवर म्हणाला, "काय रे दापोली, ते आपलं खोकं आहे का अजून? मला बघायचंय." माझं गाव दापोली तालुक्यातलं, म्हणून त्यानं मला नावानं कधी हाक मारलीच नाही. मी म्हटलं, "ये ना. शुक्रवारी ये." त्याला एक गोष्ट सांगायची मी अठरा वर्षं टाळत आलो होतो.

मंदाला ती माहीत होती. दर हिवाळ्यात कॅरॅव्हॅन उघडली की मी तिला ती पुन्हा सांगतो. या वेळी तिनं मला मध्येच थांबवलं. म्हणाली, "अहो, तुमचं ते कुत्रीचं पुराण मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं तो येतोय. त्याला सांगा."

मी सव्वीस वर्षांचा असताना इथे आलो. नईममधल्या अर्बाबच्या गोदामात एसी दुरुस्तीचं काम करायचो. हिवाळ्यात एसी सगळे बंद, मेकॅनिकला कोण विचारतो? म्हणून अर्बाब मला नोव्हेंबरात साखीरला पाठवायचे. तिथे जनरेटर बघायचा, तंबूच्या दोऱ्या ताणायच्या, दिव्यांच्या माळा लावायच्या आणि रात्री राखण म्हणून कॅरॅव्हॅनमध्ये झोपायचं. पास्कूदादा छावणीचा स्वयंपाकी. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, पण हातभर अंतरावर झोपणाऱ्या माणसाला किती दिवस अहो-जाहो करणार? पहिल्याच आठवड्यात अरे-तुरेवर आलो.

असे पाच हिवाळे आम्ही काढले. आठवायला बसलो की ते सुटे सुटे आठवत नाहीत, एकच लांब हिवाळा आठवतो.

पहाटे धुकं यायचं. वाळवंटात धुकं, हे मला पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. तंबूंची टोकं तेवढी दिसायची. दूरवर तेलाचे पंप मान खालीवर करत असायचे, ते दिसायचे नाहीत, नुसते ऐकू यायचे, कुणीतरी म्हातारं माणूस जात्यावर बसून सावकाश दळत असल्यासारखे. पास्कूदादा शेगडी पेटवायचा. डब्यातलं दूध, भरपूर साखर, वेलची, चहा इतका उकळायचा की रंग विटेसारखा व्हायचा. इकडे त्याला करक म्हणतात. त्यात खुबूस, म्हणजे इथली मोठी मऊ रोटी, बुडवून खायची. ऊन वर आलं की आम्ही पायरीवर बसायचो आणि कॅरॅव्हॅनचा पत्रा पाठीला शेकत राहायचा.

दिवाळीला आणलेला आकाशकंदील मी दाराशी तारेवर टांगायचो. दिवाळी होऊन जायची, तो तसाच लटकत राहायचा. डिसेंबर लागला की पास्कूदादा तो काढून त्याच तारेवर, त्याच बल्बवर नाताळचा तारा लावायचा. अर्बाबची नातवंडं विचारायची, हा वेगळा का? पास्कूदादा त्याच्या मोडक्या अरबीत सांगायचा, "पहिला त्याचा, आता माझा." मुलांना एवढं पुरायचं.

शमाल आली ती दुसऱ्या हिवाळ्यात. शमाल म्हणजे उत्तरेचा वारा. तो सुटला की दोन-दोन दिवस थांबत नाही. वाळू दातात येते, भातात येते, घड्याळात जाते. तशा एका दिवशी कॅरॅव्हॅनच्या खालून रडण्यासारखा आवाज यायला लागला. मी वाकून पाहिलं तर चाकाला चिकटून एक वाळूच्याच रंगाची कुत्री बसली होती. बरगड्या मोजता येत होत्या. कान मात्र अंगाच्या मानानं फार मोठे, आणि दोन्ही वाळूनं भरलेले.

अर्बाब आले तेव्हा पास्कूदादानं भीत भीत विचारलं, ठेवू का? अर्बाबनी तिच्याकडे पाहिलं, तिनं अर्बाबकडे. ते म्हणाले, "वाऱ्यानं आणलीय, आपण कोण नको म्हणणार? फक्त तंबूत येऊ देऊ नका." त्या वाऱ्याचंच नाव तिला पडलं, शमाल.

ती तंबूत कधी गेली नाही. कॅरॅव्हॅनमध्ये मात्र आली. रात्री पायरीखाली झोपायची आणि सकाळी डोळे उघडावेत तर दोन बाकांच्या मधल्या हातभर जागेत, पास्कूदादाच्या उतरून पडलेल्या पांघरुणावर. दार कोण उघडायचं ते आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

पावसाच्या दोन सरी झाल्या, विजा कडाडल्या की अर्बाबची आई काठी घेऊन निघायची. वीज झाल्यावर जमिनीत फगा धरतो, असं इथे मानतात. फगा म्हणजे जमिनीखालची अळंबी, बटाट्यासारखी. वाळूला बारीक भेग पडली असेल तिथे तो असतो. म्हातारी काठीनं दाखवायची, मी उकरायचो. मग शमालला ते कळलं. ती आमच्या आधी जाऊन उकरायची आणि फगा न खाता त्याच्या शेजारी बसून राहायची. म्हातारी कुत्र्याला शिवत नसे, पण लांबून तिच्याशी बोलायची. रात्री भात उरला की स्वतः ताट भरून पाठवायची. फगा घालून केलेल्या त्या भाताचा वास मातीचा आणि तुपाचा असायचा. आमच्याकडे पहिल्या नांगरटीनंतर शेतात न्याहारी घेऊन गेलं की असाच वास येतो.

दर तिसऱ्या दिवशी गोड्या पाण्याचा टँकर यायचा. त्याचा ड्रायव्हर नामदेव, साताऱ्याकडचा. लांबूनच हॉर्न द्यायचा. शमाल पळत सुटायची आणि चालत्या गाडीबरोबर धावत यायची. तो तिला केबिनमध्ये घ्यायचा, शेजारच्या छावण्यांना पाणी देऊन तासाभरानं परत आणून सोडायचा. खिडकीतून तिचे ते कान बाहेर. पास्कूदादा ओरडायचा, "ए सातारा, कुत्री आमची आहे, परत दे." नामदेव म्हणायचा, "तुमची कुटली? तुमच्याकडं काय गाडी हाय तिला फिरवायला?" मग पाइप टाकीत सोडून तो आमच्यात बसायचा. वसईचा मसाला घालून पास्कूदादानं तळलेली मासळी खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी तो आणखी मागायचा. आम्ही तिघे तिथे जे मराठी बोलायचो ते तीन गावांचं होतं. एकमेकांची टर उडवण्यात अर्धी दुपार जायची.

खरं तर इथेच थांबावंसं वाटतं. पण दर वर्षी मार्चमध्ये ठरलेल्या दिवशी छावण्या उठतात, आणि त्या दिवसाचा एक रिवाज आहे. सामान ट्रकवर चढलं की सगळी माणसं एका ओळीत उभी राहतात आणि खाली बघत जागा चालत जातात. तंबूचे खिळे, दोरीचे तुकडे, बाटल्यांची बुचं, कोळसे, सगळं उचलायचं. खुंट्यांची भोकं बुजवायची. मग नगरपालिकेचा तपासणारा येतो. इथे कुणी राहत होतं असं वाटता कामा नये.

चौथ्या हिवाळ्याचा तो शेवटचा दिवस. त्याच संध्याकाळचं माझं विमान होतं. दोन वर्षांनी घरी चाललो होतो. मुलगी सव्वा वर्षाची झाली होती आणि मी तिला फोटोतच पाहिली होती. पास्कूदादा भांडी घेऊन पहिल्या ट्रकबरोबर शहरात गेला. नामदेव टाकीतलं उरलेलं पाणी राखेवर सोडून, टँकर घेऊन निघून गेला. मी आणि दोन मजूर मागे राहिलो. आम्ही ओळीत चाललो. मला एक खिळा सापडला, मी तो खिशात टाकला. तपासणाऱ्यानं मान हलवली. ट्रकवाल्यानं कॅरॅव्हॅन जोडली.

शमाल नव्हती. उन्हाच्या वेळी ती तेलाच्या पाइपांच्या सावलीला जाऊन पडायची, उंचवट्याच्या पलीकडे, चालत वीस मिनिटं. मी हाक मारली. किती वेळा मारली हे मी मंदाला नेहमी वाढवून सांगतो. दोनदा मारली.

तेवढ्यात पास्कूदादाचा फोन आला. "शमालला घेतलीस ना?"

मी म्हटलं, "नामदेवच्या गाडीत बसून गेली."

"नक्की?"

"हो रे बाबा. मी बघितलं ना."

मग मी ट्रकवाल्याला म्हटलं, यल्ला, चल. खिळासुद्धा मागे ठेवला नाही, आणि जिवंत जनावर ठेवलं.

घरी दोन महिने होतो. मुलगी माझ्याकडे यायला चार दिवस लागले, मग उतरायलाच तयार नव्हती. मी फार आनंदात होतो आणि त्या आनंदात शमाल मला अगदी थोडी आठवली, हे कबूल करतो.

परत आलो तर अर्बाबच्या बंगल्याच्या मागच्या अंगणातून ती धावत आली आणि माझ्या अंगावर चढली. पायांपासून तोंडापर्यंत चाटून काढलं तिनं मला. पास्कूदादा हसत उभा होता. त्यानं सांगितलं ते असं. नामदेव म्हणाला, कुत्री गाडीत नव्हतीच. पास्कूदादाला वाटलं, यानं तिला वाटेत उतरवली आणि आता हात झटकतो आहे. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. चौथ्या दिवशी पास्कूदादाला साखीरकडे जाणारी गाडी मिळाली. सगळं मैदान मोकळं होतं. कॅरॅव्हॅन जिथे चार महिने उभी होती तिथली वाळू जरा गडद राहिली होती, लांबट चौकोनात. शमाल त्या चौकोनात बसली होती. कडेच्या बाहेर पाय नाही.

"वर तोंड करून सांगतो, गाडीत नव्हतीच म्हणून," पास्कूदादा म्हणाला. "तू स्वतः बघितलंस ना?"

मी बॅगेतून कोकमं काढत होतो. म्हटलं, "हो, चढताना दिसली होती." तेव्हा खरं बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पुढे नामदेव भेटला, त्यानं विचारलं, तू आसं का सांगितलंस? त्याला म्हटलं, मला वाटलं चढली. त्यानं ते मानलं. माणूस सरळ होता.

पाचव्या हिवाळ्यात टँकर यायचा, पण हॉर्न वाजायचा नाही. नामदेव पाणी सोडून केबिनमध्ये बसून राहायचा. पास्कूदादा तंबूमागे निघून जायचा. शमाल दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. ती पुढे सात-आठ वर्षं जगली. म्हातारी होऊन, खाऊनपिऊन, पास्कूदादाच्या पायाशी गेली. तिचं वाईट झालं नाही. वाईट झालं ते या दोघांचं, आणि ते कुणामुळे हे मी एकटा जाणून होतो.

शुक्रवारी पास्कूदादाला त्याच्या मुलीनं अकरा वाजता आणून सोडलं. केस सगळे पांढरे, गुडघ्याला पट्टा. कॅरॅव्हॅनचं दार धरून तो बराच वेळ आत बघत राहिला. मग म्हणाला, "एवढंसं होतं हे? यात तू घोरायचास आणि मी जिवंत राहिलो." मंदानं आंबोळ्या केल्या होत्या. जेवण झाल्यावर ती शेजारच्या तंबूत बसायला गेली. जाताना माझ्याकडे बघून गेली.

आम्ही पायरीवर बसलो. पत्रा तापला होता. मी सांगितलं. सुरुवात नीट जमली नाही, विमानापासून सुरू केलं, मग मागे गेलो. तो ऐकत होता.

"दोनदा हाक मारलीस," शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि नाम्यावर घातलंस."

"हो."

त्यानं गुडघ्याचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. "त्यानं पोरीच्या लग्नाची पत्रिका पाठवली होती मला. पार साताऱ्याहून वसईला. भांडणानंतर दहा वर्षांनी. मी उघडून ठेवून दिली, गेलो नाही. मला वाटलं, आता आला लायनीवर. माणूस खोटा होता म्हणून नरम पडला." तो माझ्याकडे बघत नव्हता. "आता कुठे असतो तो? गेला गावी?"

"इथेच आहे. अजून टँकर चालवतो. आज तीन वाजता पाणी घेऊन येणार आहे."

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ठरवून बोलावलंस मला."

"ठरवून."

"हरामखोर आहेस," पास्कूदादा म्हणाला. पण उठून गेला नाही.

टँकर सव्वातीनला आला. नामदेव खाली उतरला, पाइप ओढत आणला आणि पायरीवर कोण बसलंय ते बघून थांबला. पोट सुटलं आहे त्याचं, मिशी मात्र तशीच.

"पास्कू काय? लई वाळलास की," तो म्हणाला.

पास्कूदादानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मी बोललो. मला भीती वाटत होती की दोघं गोड बोलायला लागतील आणि माझं राहून जाईल. म्हटलं, "नामदेव, त्या दिवशी शमाल तुझ्या गाडीत नव्हती. मला ते माहीत होतं. मी मुद्दाम तुझं नाव सांगितलं."

नामदेव पाइप हातात धरून उभा राहिला. पाइपच्या तोंडातून थेंब थेंब पाणी वाळूत पडत होतं.

"आरं, गाडी माझी," तो सावकाश म्हणाला. "तिच्यात कुत्रं हुतं का न्हाई, ह्ये मला तू सांगनार व्हय? ती न्हवती ह्ये मला म्हाईतच हुतं. तुला म्हाईत हुतं, ह्ये मातुर म्हाईत न्हवतं."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मला वाटलं, हा आता पाणी न देताच जाईल.

पास्कूदादा कॅरॅव्हॅनला धरून उठला. "मी तुला त्या दिवशी शिव्या दिल्या रे, सातारा."

"दिल्यास. तुमच्या गावच्या हुत्या. निम्म्या कळाल्याच न्हाईत."

"फार वाईट होत्या."

"आता सांग की मग, अर्थ काय त्येंचा."

पास्कूदादा हसला नाही. त्याची हनुवटी हलत होती. नामदेवनं ते पाहिलं आणि मान वळवून पाइपचं तोंड माझ्या हातात दिलं. "धर. चढ वर. आज तू भर." इतक्या वर्षांत त्यानं पाइपला कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी शिडीनं वर गेलो. त्यानं पंप सुरू केला, पाइप जड झाला, पाणी टाकीच्या तळाला आदळायला लागलं. दोन्ही हातांनी तो धरून मी टपावर गुडघे टेकून बसलो. ऊन पाठीवर होतं. खाली पायरीवर दोघांच्या बसण्यानं कॅरॅव्हॅन जराशी कलली, ते मला वर जाणवलं. कुणीच मला काही म्हणालं नाही, माफीचं किंवा आणखी कशाचं, आणि मी ते मागायला खाली डोकावलो नाही.

पाण्याच्या आवाजातून पास्कूदादाचं बोलणं ऐकू आलं. "पोरीचं लग्न कसं झालं रे?"

नामदेवनं मुलगा बघायला गेले होते तिथपासून सांगायला सुरुवात केली.